चल, गळ घेऊन नदीवर जाऊ

पावसाळा सुरू झाला की आमच्या वऱ्हाडातल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं : "नदीवर जाऊ नको." आई म्हणते, आजी म्हणते, शाळेत गुरुजी म्हणतात. नदीविषयी आपण आपल्या मुलांना जे काही शिकवतो, ते बहुतेक या तीन शब्दांत संपतं. बापाच्या अधिकाराने मीही हे वाक्य माझ्या मुलाला असंख्य वेळा ऐकवलं होतं. आणि ते पुरेपूर ऐकलेला तो मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी, दोन मित्रांना घेऊन, घरात कुणालाही न सांगता नदीवर गेला.

मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो आणि एका तालुक्याच्या गावी माझी बदली झालेली होती. पोळ्यानंतरचे दिवस. पूर ओसरलेला, पाणी जेमतेम गुडघ्याला लागणारं. मुलं काठाकाठाने चालत होती. रेती उपसून झालेला एक खड्डा त्या गढूळ पाण्याखाली होता. एका पावलावर गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलावर तळच नाही. थोड्या अंतरावर एक म्हातारे भोई गळ टाकून बसले होते. त्यांनी हातातली काठी टाकली, पाण्यात उतरले आणि माझ्या मुलाला केसांना धरून बाहेर ओढलं.

संध्याकाळी ते त्याला घरी घेऊन आले. मी त्यांच्यासमोर हात जोडले, मग मुलावर हात उगारला. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "सायेब, पोराले मारू नका. त्याले खड्डा मालूम नवता. तुमी त्याले नदी दाखोली व्हती का कवा?"

नव्हती दाखवली. दाखवणार कुठून? त्या नदीवरच्या पुलावरून मी तीन वर्षं रोज जात-येत होतो. त्या वर्षीचा पाऊस किती मिलिमीटर, पेरा किती हेक्टर, थकबाकी किती, हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण पुलाखालचं पाणी कुठे उथळ आणि कुठे खोल, हे साहेबाला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी मुलाचा हात धरून मी त्या भोईबाबांकडे गेलो आणि म्हणालो, आम्हा दोघांनाही गळ टाकायला शिकवा. त्या रविवारला आता तीसएक वर्षं झाली. त्यांनी शिकवलेलं आज इथे मांडतो आहे, कारण मासे मारण्यापेक्षा फार मोठी गोष्ट त्यांनी शिकवली असं मला वाटतं, आणि ती आपल्या घरांतून नाहीशी होत चालली आहे.

गळ म्हटला की आपल्याकडे दोन कल्पना असतात. एक, रिकामटेकड्यांचा उद्योग. दुसरी, साहेबी शौक. दुसऱ्या कल्पनेला कारण आहे. इंग्रजीतली या विषयावरची पुस्तकं उघडली की पानोपानी ट्राउट नावाचा मासा भेटतो. हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला ठिपक्याठिपक्यांचा मासा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तो हौसेने काश्मीरच्या ओढ्यांत आणि निलगिरीच्या डोंगरात आणून वाढवला. पाण्याचं तापमान वीस अंशांच्या पुढे गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. आमच्या वाशीम जिल्ह्यातलं उन्हाळ्याचं पाणी त्याने सोसलंच नसतं. आयझॅक वॉल्टन या लंडनच्या दुकानदाराने साठीला टेकल्यावर, १६५३ साली, गळाच्या विद्येवर पुस्तक लिहिलं आणि ते आजही वाचलं जातं. साठीच्या माणसांना यातून धीर यावा.

पण ही विद्या साहेबाची नव्हे. वॉल्टनच्या पाचशे वर्षं आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख ज्यात सापडतो तोच हा ग्रंथ. त्यात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांमध्ये मत्स्यविनोद म्हणजे गळाने मासे धरणं हाही एक प्रकार आहे. काठी कशी असावी, दोर कशाचा असावा, कोणत्या माशाला कोणतं आमिष आवडतं, याचा विचार त्याने केला आहे. दख्खनच्या राजाने ज्याला शास्त्राचा मान दिला, ते आपण रिकामटेकडेपणात जमा केलं.

आता शिकण्याकडे वळू. आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून गळाला इथे 'गय' म्हणतात. सामान म्हणावं तर शंभर-दोनशे रुपयांच्या आत होतं. माणसाच्या दीडपट-दुप्पट उंचीची, टोकाला लवणारी वेळूची काठी. तिच्या टोकाला बांधलेला तंगूस, काठीएवढ्याच लांबीचा. चाक, गुंडाळी असलं काही सुरुवातीला नको. तंगुसाच्या खालच्या टोकाला लहानसा गळ. नवशिका हमखास मोठा गळ घेतो, मोठा मासा मिळेल म्हणून. पण मोठा गळ लहान माशाच्या तोंडात मावत नाही आणि लहान गळाला मोठा मासाही लागतो. गळाच्या वितभर वर शिशाचे एकदोन बारीक तुकडे. हे शिसं दाताने दाबून बसवायची पोरांना सवय असते. ती मोडावी, शिसं विषारी असतं, पकड वापरावी. आणि त्याच्या वर, तंगुसावर वरखाली सरकवता येईल असं, पाण्यावर तरंगणारं बूच. मोरपिसाच्या देठाचा तुकडा चालतो, वाळलेल्या धांड्याचा चालतो, बाटलीचं खरं बूच चालतं. गाठ आवळण्यापूर्वी तंगूस थुंकीने ओला करावा. कोरडा तंगूस गाठीत घासून तापतो आणि मासा लागला की नेमका तिथेच तुटतो.

सामान झालं की नवशिक्याला आमिष लावायची घाई होते. भोईबाबांनी आम्हाला पहिले दोन रविवार आमिष लावूच दिलं नाही. त्यांनी गळाच्या जागी एक जड नट बांधला आणि म्हणाले, "आंधी पानी मोजा."

मोजायचं असं. बूच अंदाजाने वर सरकवायचं आणि नट पाण्यात सोडायचा. बूच पाण्याखाली गेलं, तर पाणी त्याहून खोल आहे. बूच आणखी वर घ्यायचं. बूच आडवं पडलं, तर तंगूस जास्त झाला. बूच खाली घ्यायचं. ज्या जागी बुचाचं टोक जेमतेम पाण्यावर उभं राहतं, तिथे बुचापासून नटापर्यंतचं अंतर म्हणजे पाण्याची खोली. मग दोन हात पलीकडे पुन्हा तेच. मग आणखी पलीकडे. माझ्या मुलाने त्या दिवशी काठावर उभं राहून नदीचा तळ मोजला. इथे गुडघा, इथे कंबर, इथे पुन्हा गुडघा. आणि एका ठिकाणी नट जात राहिला, बूच बुडत राहिलं, काठीएवढा तंगूसही पुरेना. तो त्याचा खड्डा होता. त्याच्याकडे पाहत तो बराच वेळ उभा राहिला. "नदीवर जाऊ नको" हे वाक्य त्याला शंभर वेळा सांगून जे कळलं नव्हतं, ते त्याला त्या नटाने पाच मिनिटांत सांगितलं.

माझं म्हणणं हे एवढंच आहे. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात बातम्या येतात : शेततळ्यात, रेतीच्या खड्ड्यात, बंधाऱ्याखाली, मुरमाच्या खाणीत मुलं बुडाल्याच्या. त्यातल्या कितीतरी मुलांना घरून सक्त मनाई असणारच. मनाई ही पाण्याची माहिती नव्हे. मनाई केलेला मुलगा एकटा जातो, चोरून जातो आणि सोबत मोठं माणूस नसताना जातो. त्यापेक्षा त्याला हाताला धरून न्यावं, आणि तिथे नेण्यासाठी गळासारखं निमित्त नाही. पोहायला जरूर शिकवावं, पण पोहणाराही अनोळखी पाण्यात बुडतो. गळ टाकणाऱ्याला पाण्यात उतरावंच लागत नाही. त्याला काठावरून पाणी वाचावं लागतं.

हे वाचन कसं करायचं? नवशिक्याने खळाळत्या धारेत गळ टाकू नये आणि अगदी साचल्या पाण्यातही नको. धार जिथे डोहाला मिळते, वेगाचं आणि संथ पाणी जिथे शेजारी शेजारी वाहतं, ती जागा पाहावी. धार खाणं वाहून आणते आणि मासा संथ पाण्यात श्रम न करता त्याची वाट पाहतो. लव्हाळ्याच्या कडेला, झुकलेल्या झाडाच्या सावलीत, मोठ्या दगडाच्या मागे मासा असतो. आपली सावली मात्र पाण्यावर पडू देऊ नये. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातली थरथर ओळखणारी एक रेघ असते, त्यामुळे काठावर पाय आपटत चालणाऱ्याचं आगमन त्याला आधीच समजतं. पोरं ओरडली की मासे पळतात असं आपण म्हणतो. ओरडण्यापेक्षा ती उड्या मारतात, त्याने पळतात.

आमिष म्हणजे गांडूळ किंवा कणकेची गोळी. अधूनमधून चिमूटभर भिजलेला कोंडा पाण्यात सोडावा. चिमूटभरच, मूठभर सोडला तर मासा पोट भरून निघून जातो. बुचाखाली शिसं इतकंच असावं की बुचाचं फक्त टोक वर दिसेल. बूच जास्त वर राहिलं तर आमिष ओढताना माशाला त्याचा जोर जाणवतो आणि तो आमिष थुंकतो. वाहत्या पाण्यात आमिष तळाला लागून-न-लागून जावं आणि बूच पाण्याच्याच वेगाने वाहावं. ते वाहू लागलं की काठीचं टोक त्याच्यामागे न्यावं. तंगूस ताणला गेला की आमिष पाण्याच्या उलट चालतं, आणि पाण्याच्या उलट चालणारं गांडूळ माशाने आयुष्यात पाहिलेलं नसतं.

आणि मग थांबायचं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. मी बुचाकडे टक लावून बसायचो, डोळे दुखेपर्यंत. भोईबाबा हसायचे. "सायेब, मासा बुचात नसते, पान्यात असते." बुचासकट आजूबाजूचं सगळं पाणी नजरेत धरायचं, असं त्यांचं म्हणणं. ती नजर आली की बूच बोलायला लागतं. ते नुसतं नाचलं, तर बारीक मासोळ्या आमिष टोचताहेत. काठी उचलू नये. ते हळूहळू तिरपं होऊन एका बाजूला चालू लागलं, तर तळातला शिंगाळा आमिष घेऊन निघाला आहे. ते क्षणात गडप झालं, तर बहुधा मरळ. आणि कधी कधी बूच बुडण्याऐवजी वर येतं, आडवं पडतं. नवशिक्याला वाटतं, काही झालं नाही. खरं तर माशाने तळावरचं आमिष शिशासकट वर उचललेलं असतं. रोहू-मृगळाच्या जातीचे मासे हे करतात. अशा वेळी मनगटाने काठी हलकी उचलायची. बुचासह मासा डोक्यावरून मागच्या बाभळीत उडवणं हा पहिल्या महिन्यातला प्रकार मीही केला आहे.

मासा हातात घ्यायचा तो हात ओला करून. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग जगत नाही. शिंगाळ्याच्या कल्ल्यांजवळचे आणि पाठीवरचे काटे जपावेत, ते लागले की हात रात्रभर ठणकतो. लहान मासा सोडून द्यावा. आणि पावसाळ्यात काठालगत तांबूस पिल्लांचा घोळका आणि त्याच्याखाली मरळ दिसली, तर तिथे गळ टाकू नये. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते; ती उचलली की सगळा घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

काही वाचक विचारतील, आम्ही शाकाहारी, आम्ही माळकरी. आमच्या मुलांनी गळ का धरावा? प्रश्न रास्त आहे. गळाने माशाला इजा होते, ते गोड शब्दांत झाकण्यात अर्थ नाही. ज्यांना नको, त्यांनी गळ न लावता नुसतं बूच आणि नट घेऊन जावं. पाणी मोजावं, धार ओळखावी, काठावर तासभर बसावं. या विद्येचा अर्धा भाग तेवढ्यानेही पदरात पडतो.

दुसरी हरकत जास्त बोचरी आहे. नद्यांना पाणी आहेच कुठे? मी आता मानोऱ्यात राहतो. आमची अरुणावती पुढे दिग्रसकडे जाते, तिथे तिला धरण आहे. पलीकडची अडाण कारंजा-दारव्ह्याच्या अंगाने जाते. या दोघींचं पाणी अखेर पैनगंगेला आणि तिच्यातून वर्धेला मिळतं. होळीनंतर आमच्या भागातल्या नद्या म्हणजे मधूनमधून उरलेले डोह आणि बाकी वाळकी रेती. पण म्हणून तर नजर हवी. उन्हाळ्यातल्या त्या डोहांत जे मासे तग धरून असतात, ते पुढच्या पावसाचं बियाणं असतं. कोणताही शेतकरी बियाण्याची ज्वारी दळायला नेत नाही. म्हणून माझा नियम असा : दिवाळीपासून होळीपर्यंत गळ, त्यानंतर काठी आढ्याला.

आणि नेमक्या त्याच डोहांत ब्लिचिंग पावडर ओतणारे, विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारे, मच्छरदाणीच्या जाळीने अंगठ्याएवढी पिल्लं गाळून नेणारे लोक असतात. सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारणं हा गुन्हा १८९७ सालच्या कायद्यानेच ठरवला. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला. पाहणारं कुणी नसेल तर तो कागदावरच राहतो. करंटवाल्याला एका रात्रीत पोतंभर मासे मिळतात आणि डोह वर्षभरासाठी मुका होतो. गळवाल्याला दोन-चार मिळतात आणि रिकामाही परत यावं लागतं. पण डोहात काय चाललं आहे, हे गावात सगळ्यांत आधी त्यालाच समजतं. पाण्याचा रंग बदलला, वास आला, पिल्लं दिसेनाशी झाली, रेतीचा नवा खड्डा पडला, हे पुलावरून गाडीने जाणाऱ्याला समजत नाही. ते काठावर बसणाऱ्याला समजतं.

नवशिक्यासाठी आणखी थोडं. तलाव, धरणं यांत मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेचा असतो. तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. ती त्या लोकांची रोजीरोटी आहे, आपली करमणूक आहे. पूर असताना जाऊ नये. बंधाऱ्याच्या फळ्यांजवळ उभं राहू नये. लहान मुलाला एकटं सोडू नये. सोबत दहा-पंधरा हात दोरी आणि झाकण घट्ट बसवलेला पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवावा. कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारण्यापेक्षा दोरीला बांधलेला कॅन फेकावा. आमच्या भोईबाबांनी उडी मारली, ते भोई होते. आपण नाही. आणि निघताना तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणावा. त्यात पाखरांचे पाय अडकतात.

भोईबाबा आता नाहीत. त्यांच्या नातवांपैकी कुणी गळ धरत नाही. एक सुरतेला आहे, एक पुण्याला. माझा मुलगाही पुण्यातच असतो. गेल्या दिवाळीत तो नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळूची काठी खाली काढली, तेव्हा सूनबाईंनी चहाचा कप ठेवत काळजीने विचारलं, "बाबा, नदीवर कशाला नेता त्याला?" मी उत्तर देण्याआधीच मुलगा म्हणाला, "जाऊ दे. मीही येतो."

आम्ही तिघं गेलो. मासा एकही मिळाला नाही. नातवाने सकाळभर नट सोडून पाणी मोजलं आणि खोली माझ्या जुन्या डायरीत लिहून घेतली : गुडघा, कंबर, गुडघा, आजोबा, आजोबांच्या वर. शेवटच्या नोंदीखाली त्याने दोन रेघा ओढल्या. ती डायरी पुण्याला जाताना त्याने सोबत नेली, आणि होळीला परत मोजायचं आहे, असं मला बजावून गेला.